छापून न आलेली रेघ

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी फोन आला, 'नोकरीतलं काहीतरी हलकंफुलकं लिहून द्या.' मी लगेच विचारलं, 'का? दुसरं कुणी देत नाही म्हणून?' नंतर मलाच वाईट वाटलं. पण काय करणार, माझा स्वभावच संशयी. गोड बोलणाऱ्या माणसाला काय हवं असेल, हा विचार माझ्या मनात नमस्काराच्या आधी येतो. ज्या कामानं हा स्वभाव मुरवला, त्या कामाबद्दलच लिहिते. हलकंफुलकं होईल की नाही ते मात्र सांगता येत नाही.

म्हैसूरच्या मेटगळ्ळीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझी सारी नोकरी झाली. कारखाना विजेची पॅनेल बनवायचा. गिरणीत, शीतगृहात, मोठ्या इमारतींच्या तळघरात करड्या रंगाची लोखंडी कपाटं उभी असतात, दारावर दिवे आणि बटणं असलेली, तीच ही पॅनेल. दार उघडलं की आत तारांचं जंजाळ. कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते याची आकृती काढलेली असते, आणि जागेवर जाऊन जोडणी करणारा वायरमन ती आकृती बघून काम करतो. ही आकृती संगणकातून कागदावर नीट उतरवणं हे माझं काम.

'म्हणजे प्रिंट काढायचं?' असं लग्नकार्यात पुण्याकडचे नातेवाईक विचारायचे. सुरुवातीला मी समजावून सांगायची. पुढे नुसतं 'हो' म्हणून पानावरची जिलबी संपवायला लागले.

वास्तविक प्रिंट म्हटल्यावर संगणक एवढाले प्रश्न विचारतो. कागद केवढा? आडवा की उभा? आकृतीचा कुठला भाग छापायचा? कुठल्या प्रमाणात? रेघा किती जाड? रंगीत की निव्वळ काळ्या? माणूस यातला एकही प्रश्न वाचत नाही. 'ओके' दाबतो आणि चहाला जातो. पडद्यावर पिवळी रेघ काळ्या पार्श्वभूमीवर झळकत असते, तीच पांढऱ्या कागदावर अशी फिकट येते की आहे की नाही ते देवालाच ठाऊक. खालच्या कोपऱ्यात आकृतीचा क्रमांक आणि ती कितव्या दुरुस्तीची आहे ते लिहिलेलं असतं. कागदाच्या कडेपर्यंत छपाई पोचत नसल्यामुळे नेमकं तेवढंच कापलं जातं. मग नवी कुठली आणि जुनी कुठली ते कुणालाच कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो हमखास जुनी उचलतो.

सगळ्यात लबाड पर्याय म्हणजे 'फिट टू पेपर'. कागदात बसव, एवढंच तो सांगतो, आणि मुकाट्यानं अख्खी आकृती लहान करून टाकतो. आमच्या विजयनगरातले शेजारी जाधवमामा यांच्या जावयानं त्यांच्या माडीचा नकाशा पाठवला. मामांनी घरच्या प्रिंटरवर तो छापला आणि सुताराच्या हातात दिला. सुतारानं कागदावर फूटपट्टी ठेवली, हिशोब केला, कपाट बनवलं. कपाट बसलं, पण बाजूला हात जाईल एवढी फट राहिली. मामा आता तिथे छत्र्या ठेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, 'ते बेकूअंतच तसं केलंय.' म्हणजे मुद्दाम. आमची इथली मराठी ही अशी. चार पिढ्या म्हैसुरात राहिल्यावर अर्धं वाक्य कन्नडात कधी शिरतं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

अशा गोष्टी बघून मी प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात बरोबर शंभर मिलिमीटरची एक आडवी रेघ काढून ठेवायला लागले. कागद बाहेर आला की स्टीलची पट्टी लावायची. रेघ शंभर भरली तर कागद पुढे, नाहीतर फाडून टाकायचा. मग पडद्यावरची आकृती आणि कागद शेजारी शेजारी धरून एकेका रेघेवरून बोट फिरवायचं. इंजिनियर मंडळी माझ्या टेबलापाशी उभी राहून सुस्कारे सोडायची. सोडेनात का.

यावरूनच माझं नाव 'अनुमान अक्का' पडलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, कन्नडात अनुमान म्हणजे शंका, संशय. 'ननगे अनुमान इदे' म्हणजे मला शंका आहे. आमच्या घरच्या मराठीतही आम्ही तो शब्द याच अर्थानं वापरत आलो. 'तुला नवऱ्याचासुद्धा अनुमान,' असं माझी सासू म्हणायची. नाव मला आवडलं नव्हतं, पण चुकीचं आहे असं काही मी म्हणू शकले नाही.

पुढे काळ बदलला आणि ज्याच्या त्याच्या संगणकाला प्रिंटर जोडला गेला. मोठे कागद अजून माझ्याकडच्या प्लॉटरवर यायचे, पण लहान आकृत्या इंजिनियर लोक आपापल्या जागेवरून काढायला लागले. 'अक्का, तुम्हाला कशाला त्रास,' असं म्हणायचे. त्यांना माझा त्रास वाचवायचा होता की माझी पट्टी नको होती, हे मी ओळखून होते.

त्याच सुमारास अनिकेत आला. नाशिकचा मुलगा, हुशार, चटपटीत. मी मराठी आहे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला. पहिल्याच आठवड्यात माझी पुरणपोळी खाऊन गेला आणि म्हणाला, 'मॅडम, तुमची मराठी ऐकायला मजा येते, पण अर्धी कळत नाही.' मी म्हटलं, 'मत्ते काय, शीक की रे हळूहळू.' मुलगा वाईट नव्हता. फक्त आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे दुसऱ्याला कळू नये, याची त्याला फार काळजी असायची. मी समोर गेले की तो पडद्यावरची खिडकी बदलायचा. मला वाटायचं, क्रिकेट बघत असेल.

सरगूरजवळच्या एका शीतगृहाचं पॅनेल त्याच्याकडे होतं. वीज मंडळाची लाइन गेली की जनरेटर सुरू व्हायचा, अशी व्यवस्था. त्यात महत्त्वाची गोष्ट ही की लाइन आणि जनरेटर दोन्ही एकाच वेळी कधीही जोडले जाता कामा नयेत. जोडले गेले तर स्फोटच. म्हणून दोघांमध्ये एक अडवणूक असते. एक चालू असेल तोवर दुसऱ्याला चालू होऊ न देणारी. तिला इंटरलॉक म्हणतात आणि आकृतीत ती तुटक रेघेनं दाखवतात.

जोडणीचं काम महादेवस्वामींकडे होतं. सरगूरचेच. पॅनेलच्या कामात त्यांचा हात असा बसलेला होता की त्यांनी वळवलेल्या तारा बघायला आमचे लोक मुद्दाम जायचे. अंगात स्वच्छ खाकी शर्ट, बोलणं कमी. ऑफिसात आले की आधी माझ्याकडे येऊन कागद पुढे करायचे, 'अक्का, नोडि', म्हणजे एकदा बघा. या वेळी मात्र घाई होती. अनिकेतनं आकृती स्वतःच्या प्रिंटरवरून काढली आणि परस्पर शीतगृहावर पाठवून दिली.

थोड्या दिवसांनी सकाळी अनिकेतच्या टेबलावरचा फोन वाजला. मी त्याच्या पाठीमागच्या टेबलावर होते. प्लॉटर चालू होता, त्याच्या घरघरीत सगळं ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं आलं. 'व्हेरी गुड, व्हेरी गुड, हागे माडि,' असं तो म्हणाला, म्हणजे तसंच करा. मुलगा कन्नड बोलायला लागला म्हणून मला बरंच वाटलं.

पॅनेल सुरू करायच्या दिवशी जनरेटर चालू असताना लाइन आली आणि दोन्ही एकदम जोडले गेले. दारातून आगीचा लोळ आला. महादेवस्वामींनी तोंड फिरवलं म्हणून डोळे वाचले, पण उजवा हात भाजला. बोटं, तळवा, मनगटापर्यंत.

कारखान्यात लगेच बैठक. आमचे मॅनेजर गुरुराज सरांनी अनिकेतच्या संगणकावर आकृती उघडून भिंतीवर दाखवली. हा सूर्य, हा जयद्रथ. इंटरलॉकची तुटक रेघ जांभळ्या रंगात स्पष्ट दिसत होती. सर म्हणाले, 'रेघ आहे, तरी त्यानं जोडलं नाही. यापुढे त्याला आपलं एकही काम नाही.' आमचं नाही म्हणजे कुणाचंच नाही. मेटगळ्ळीत अशी बातमी एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जायला वेळ लागत नाही.

हॉस्पिटलातून सुटल्यावर महादेवस्वामी आले. हात पांढऱ्या पट्टीत, काखेत गुंडाळलेला कागद. सरांच्या टेबलावर त्यांनी तो डाव्या हातानं पसरला आणि म्हणाले, 'नन्न हाळेयल्लि ई गेरे इल्ल, सार.' माझ्या कागदावर ही रेघ नाही.

खरंच नव्हती. सर्वांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, जुना कागद असेल. खाली क्रमांक पाहिला तर नवाच. कुणी म्हणालं, झेरॉक्स काढताना रेघेवर काहीतरी ठेवलं असेल. सरांनी कागद माझ्या हातात दिला. खोटं कशाला सांगू, मलाही आधी त्यांचाच संशय आला. हात भाजलेला माणूस समोर उभा आणि मी कागद खिडकीशी धरून खाडाखोड शोधतेय. कागदावर ओरखडा नव्हता. पट्टी लावली, शंभर भरली. कागद खरा होता.

मग मी सरळ अनिकेतच्या खुर्चीत जाऊन बसले. त्याच्याच संगणकावरून, त्यानं ठेवलेल्या सेटिंगवर, काहीही न बदलता छापलं. प्रिंटरमधून कागद आला, त्यावर रेघ नव्हती. डोळ्यांसमोर पडद्यावर रेघ आहे आणि हातातल्या गरम कागदावर नाही.

याचं कारण सांगते. संगणकातली आकृती एका पानावर नसते. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे तिचे थर असतात. एका थरावर मुख्य तारा, एकावर अक्षरं, एकावर काढणाऱ्याच्या स्वतःच्या कच्च्या खुणा. प्रत्येक थराच्या नावापुढे एक दिव्याचं आणि एक प्रिंटरचं चिन्ह असतं. दिवा विझवला की थर पडद्यावरून जातो, ते सगळ्यांच्या लक्षात येतं. पण प्रिंटरवर फुली मारली की थर पडद्यावर तसाच राहतो आणि फक्त कागदावर येत नाही. बसल्या जागी कुणाला पत्ताही लागत नाही. अनिकेतनं आपल्या कच्च्या खुणा छापून येऊ नयेत म्हणून त्या थरावर फुली मारली होती, ते बरोबरच केलं होतं. मात्र घाईघाईत इंटरलॉकची रेघही त्याच थरावर काढली होती.

मी ती फुली सरांना दाखवली. सर खाली वाकून बघत राहिले. अनिकेतचा चेहरा उतरला होता, तरी तो म्हणाला, 'चूक झाली, सर. पण याला रेघ दिसत नव्हती तर यानं विचारायला नको? उलट फोन करून मला सांगितलं की त्याच्या लक्षात आलंय.'

महादेवस्वामींना कुणीतरी त्याचं कन्नड करून सांगितलं. ते म्हणाले, 'मी असं म्हटलं नाही.'

'म्हटलं. मॅडम, मला शब्द आठवतो,' अनिकेत माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला. 'ड्रॉइंगवर मला अनुमान आहे, असं म्हणाला तो. अनुमान म्हणजे काय? यानं अंदाज बांधला, निष्कर्ष काढला. मी म्हटलं, छान, तसंच कर.'

मी हळू आवाजात म्हटलं, 'अरे, अनुमान म्हणजे शंका. ते तुला सांगत होते की मला या ड्रॉइंगची शंका येतेय.'

'मराठीत अनुमान म्हणजे शंका नाही, मॅडम.'

'ते मराठीत बोलत नव्हते रे.'

मी हे सगळं कन्नडात सांगितलं. सरांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग ते हसायला लागले. ताण असा सुटला की सगळेच हसले. अनिकेतही डोळे पुसत हसला. महादेवस्वामी हसले नाहीत, पण त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. भाषेचा घोळ झाला, वायरमनचा काही दोष नाही, असं लिहून सगळीकडे कळवण्यात आलं. उपचारांची जबाबदारी कारखान्यानं घेतली. आणि कुठल्याही आकारातली आकृती माझ्या पट्टीखालून गेल्याशिवाय बाहेर पाठवायची नाही, असा नियम झाला. कुणीही सुस्कारे सोडले नाहीत. मला अभिमान वाटला, नाही असं नाही.

ही गोष्ट मी पुढे किती ठिकाणी सांगितली असेल. मंडळाच्या कोजागरीला सांगितली, माझ्या निरोपसमारंभात सांगितली. एक शब्द, दोन भाषा, आणि बिचारा नाशिकचा मुलगा. लोक पोट धरून हसायचे. अनिकेत तोवर दुसऱ्या गावी, दुसऱ्या कंपनीत गेला होता.

गेल्या वर्षी आमच्या घरचा इन्व्हर्टर बिघडला. मी महादेवस्वामींना फोन केला. ते आता पॅनेलची कामं घेत नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. बारीक तार चिमटीत धरता येत नाही आणि पॅनेलमध्ये सगळं काम चिमटीचंच. म्हैसुरात घरोघरचे पंखे आणि प्लग बघतात. आले, डाव्या हातात टेस्टर धरून काम केलं. बघवत नव्हतं, आणि तिथून हलणंही बरं दिसत नव्हतं. ज्या हाताचं काम बघायला माणसं जायची, तो हात त्यांनी मांडीवर ठेवला होता.

आमचे हे गप्पिष्ट. त्यांनी माझ्याकडून ऐकलेली ती अनुमानाची गोष्ट त्यांच्याचपुढे काढली आणि म्हणाले, 'एका शब्दानं केवढा घोटाळा केला, अल्वा? हो की नाही?'

महादेवस्वामी म्हणाले, 'हौदु सार', म्हणजे हो. मग टेस्टर खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. 'अक्का, त्यांना कन्नड येत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून फोनवर मी आधी तुम्हालाच मागितलं होतं. अक्का इद्दारा, अक्का आहेत का, असं विचारलं. ते "अक्का, मीटिंग" म्हणाले. मग मी त्यांनाच सांगितलं.'

अक्का म्हणजे कोण, हे तरी अनिकेतला पक्कं कळत होतं. दिवसभर त्याच्या कानावर तेच नाव पडायचं. त्या सकाळी कसली मीटिंग नव्हती, मी त्याच्या पाठीमागेच बसले होते. फोनची वायर माझ्या टेबलापर्यंत पोचत होती. त्याला प्रश्न कळला नाही म्हणून तो असं म्हणाला, की मी कागद बघेन, पट्टी लावेन, त्याची चूक काढेन या भीतीनं म्हणाला? भाषेचा घोळ मीच सर्वांना समजावून दिला होता. त्यावर एवढा हशा पिकला की पुढचा प्रश्न विचारायचं माझ्याही मनात आलं नाही. अनिकेतचा नंबर माझ्याकडे अजून आहे. अजून लावलेला नाही. तो काय सांगेल त्यावर माझा विश्वास बसणार नाही.

महादेवस्वामी वाट बघत होते. 'तुम्ही मीटिंगलाच होतात ना, अक्का?'

फोन माझ्या हातात आला असता तर तो शब्द मला कळला असता, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणूनच हे मी या अंकात लिहिते आहे. मी म्हटलं, 'हो, मीटिंगलाच होते,' आणि कॉफी आणायला आत गेले.